धुरातली हाक

धूरबाई रस्त्यानं येऊ लागली की आधी धुराचा वास यायचा आणि मागून बाई. हा धूर चुलीतला नव्हे, कारखान्याच्या धुराड्यातलाही नव्हे. नाटकात राक्षस प्रकट होण्याआधी विंगेतून पंखा लावून सोडतात ना, तसला पांढरा, दाट, किंचित गोडसर वासाचा आणि कुणाचंही वाईट न करणारा धूर. तो रोज सकाळी ताजा बनवायचा, बोगद्यात कोंडायचा आणि त्यात चांगल्या धडधाकट माणसांना सोडून द्यायचं, हे बाईचं काम. लोकांची वाट चुकवायचा पगार घेणारी सबंध गावात मी एकटीच, असं ती हसतहसत सांगायची.

बोगदा गावाच्या टोकाला, खाण-सुरक्षा संशोधन केंद्राच्या आवारात होता. बाहेरून पाहावं तर सिमेंटचा एक लांबलचक वेडावाकडा अजगर ऊन खात पडलाय असं वाटावं. आत मात्र हुबेहूब खाण. वाकून चालावं लागेल असं छत, पायाखाली रूळ, बाजूला लाकडी टेकू, मध्येच वळणं, मध्येच मुद्दाम पाडून ठेवलेला दगडांचा ढीग, आणि भिंतीला धरून गेलेला एक दोर. खाणीत आग लागली, धूर भरला, स्वतःचा हात स्वतःला दिसेनासा झाला, तर त्या दोरानं बाहेर कसं यायचं याची तिथं तालीम चालायची. कपडे खरे, दिवे खरे, घाम खरा. मरण तेवढं खोटं.

धूरबाई शेजारच्या काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसायची. अंगाची ऊब टिपणारे कॅमेरे बोगद्यात लावलेले होते, त्यामुळं धुरातली माणसं तिला पांढऱ्या आकृत्यांसारखी दिसायची. कोण अडखळला, कोण उलटा फिरला, कुणी दोर सोडला, सगळं दिसायचं. पण तिची नजर खिळलेली असायची ती त्यांच्या तोंडांवर.

त्याचं कारण एक डबा. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पट्ट्याला तो लटकवलेला असतो. जेवणाचा डबा विसरला तर दुसऱ्याच्यातला घास मिळतो, हा विसरला तर कुणाचा मिळत नाही, अशी खाणीतली थट्टा होती. धूर झाला की झाकण उचकटायचं, आतलं रबर दातांत धरायचं, नाकाला चिमटा लावायचा आणि श्वास फक्त डब्यातून घ्यायचा. डब्यातलं रसायन विषारी वायूचं विष काढून टाकतं. पण यात एक गोम आहे. हवेत विष जितकं जास्त, तितका डबा तापतो आणि श्वास गरम येऊ लागतो. घसा कोरडा पडतो, ओठ पोळतात, वाटतं की हा बिघडला, फेकून द्यावा. आणि नेमका त्याच वेळी तो डबा आपल्यासाठी जीव तोडून राबत असतो. रबर तोंडातून निघालं की काही श्वासांत खेळ खलास.

हा डबा धूरबाईच्या मानगुटीवर कसा बसला हे सांगायचं तर तिच्या बापापासून सुरुवात करायला हवी.

बाप खाणीच्या तोंडाशी घंटीवाला. जमिनीत सरळ खाली गेलेली खोल विहीर, तिच्यात लोखंडी पिंजरा, आणि पिंजऱ्यातून माणसांची नि मालाची ये-जा. पिंजरा ओढणारं यंत्र मात्र लांब दुसऱ्या इमारतीत. ते चालवणाऱ्याला पिंजरा दिसतच नाही, त्याला ऐकू येतात फक्त घंटीचे ठोके. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे. तीन म्हणजे आत माणसं आहेत, जपून. तीन पडले की यंत्रवाला आपसूक सावरून बसायचा. कोळसा आदळला तर सांडतो, पुन्हा भरता येतो. माणसं आदळली तर... हे वाक्य बापानं कधी पुरं केलं नाही.

असा माणूस घरी आला म्हणून वेगळा वागेल काय? ताटात पुरे झालं की काठावर एक टिचकी. मुलांनी आता खेळायला जायला हरकत नाही, तर टेबलावर दोन. दारावर तीन टकटक झाली की आई आतूनच सांगायची, माणूस आलंय, मांजर नव्हे. तो काही एका घराचा प्रकार नव्हता. खाणीच्या वसाहतीतली सगळी पोरं याच ठोक्यांवर वाढली. लपाछपीत पकडलेल्या गड्याच्या पाठीत एकच धपाटा पडायचा, आणि तो जागच्या जागी पुतळा व्हायचा.

या घरात दोन मुलं. धाकटी ही, आणि थोरला तिचा दादा. दादाचं नाव सगळे विसरून गेले होते, कारण गावानं त्याला भोंगा म्हणायचं ठरवलं होतं. तो जन्मला तेव्हा असा रडला म्हणे, की पाळी सुटली असं समजून दोघं-तिघं कामगार हत्यारं टाकून घरी निघाले. मोठेपणी त्या आवाजात भरच पडली. तो कानात कुजबुजला तरी पलीकडच्या घरात कळायचं. बोलायची हौस तर इतकी, की वहिनी म्हणायची, लग्न ठरवायला आले तेव्हा यांनीच सगळं बोलून घेतलं, मला हो म्हणायलासुद्धा फट मिळाली नाही.

भोंगा खाणीत गेला आणि थोरल्या मुकादमांच्या हाताखाली तयार झाला. हे थोरले म्हणजे खाणीतला वडीलधारा माणूस. त्यांनी त्याला हाक शिकवली. खाणीत प्रत्येक टोळीची ही रीत असते. पुढं मुकादम, मागं त्याची माणसं. वळण आलं, उतार आला, छत खाली आलं, की मुकादम थांबतो आणि विचारतो, "आहात का?" मग एकेकाचा "हो" येतो, अगदी शेवटच्यापर्यंत. शेवटचा "हो" कानावर पडल्याशिवाय मुकादमाचं पाऊल पुढं पडत नाही. त्या अंधारात माणसाला माणूस बांधून ठेवणारी ही एवढीच दोरी. दादाही पुढं मुकादम झाला, आणि त्याची हाक साऱ्या खाणीत दुमदुमू लागली.

त्या दिवसांत धूरबाई अजून धूरबाई झाली नव्हती. ती दिव्यांच्या खोलीत काम करायची. पाळीला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात भरलेला दिवा द्यायचा, आलेला जागेवर लावायचा. एके दुपारी खाणीत आग लागली. धूर विहिरीतून वर आला आणि तिच्या खोलीतल्या काही दिव्यांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. दादा दुसऱ्या पाळीत होता म्हणून वाचला. थोरले गेले, आणि त्यांच्यामागची दोन माणसंही. बचाव पथकानं त्यांना वर आणलं तेव्हा थोरल्यांचा डबा उघडलेला होता, रबर छातीवर लोंबत होतं, आणि डब्यातलं रसायन पुष्कळ शिल्लक होतं.

घाबरले, असं सगळे म्हणाले. श्वास गरम लागला, धीर सुटला, काढून टाकलं. अहवालातही तसंच आलं. दिव्यांच्या खोलीतल्या मुलीला मात्र ते काही केल्या गिळवेना. थोरले घाबरले? ज्यांच्या हातात दिवा देताना तीच बिचकायची आणि ते म्हणायचे, "अगं पोरी, दिवा दे इकडे, भीतीही मीच घेऊन जातो," ते?

हा प्रश्न घेऊन ती संशोधन केंद्राच्या दारात उभी राहिली. आधी मदतनीस म्हणून लागली. धुरानं काळवंडलेले कॅमेरे पुसायचे, दोर ताणायचे. मग संध्याकाळच्या वर्गात शिकली, परीक्षा दिल्या, नापास झाली, पुन्हा दिल्या. हळूहळू बोगदा तिच्या ताब्यात आला. केंद्राचे साहेब शांत, बारीक आवाजाचे, आणि दिलदार. त्यांनी आणि तिनं मिळून तालमीसाठी असा डबा बनवला, की ज्यातून मुद्दाम गरम आणि जड श्वास येईल. अंगवळणी पडलं म्हणजे खऱ्या वेळी घाबरणार नाही, हा विचार. आणि तो खरा ठरला. गरम श्वासाला कामगार सरावले. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

तरीही कुणी ना कुणी तोंडातलं रबर काढतच राहिलं.

ती डोळ्यांत तेल घालून पडदा बघू लागली. काढणारा नेहमी रांगेतला पहिला असायचा. आणि नेहमी वळणावर. दमून काढावं तर शेवटी काढायला हवं, घाबरून काढावं तर ढिगाऱ्यापाशी. वळणावरच का? डोकं खाजवून तिचे केस विरळ व्हायची वेळ आली. शेवटी एक दिवस दादाची टोळी तालमीला आली. पडद्यावर पहिली पांढरी आकृती वळणापाशी थांबली. हात वर गेला. रबर निघालं. आणि बोगद्याची जाडजूड सिमेंटची भिंत फोडून, काचेच्या खोलीत बसलेल्या तिच्या कानावर तो आवाज आदळला, "आहात का रे?"

जगात तेवढा एकच आवाज ती भिंत पार करू शकत होता. धूरबाई खुर्चीतून ताडकन उठली. इतक्या वर्षांची गाठ एका हिसक्यात सुटली होती. थोरले घाबरले नव्हते. थोरल्यांनी हाक दिली होती.

आनंद तिला क्षणभरच झाला. कारण पुढच्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं, की उद्या खाली खरा धूर झाला तर सगळ्यात आधी मरणारा माणूस आपला दादा आहे. भित्रा वाचेल एखादा. हा वाचणार नाही. हा मागच्यांची चौकशी करायला तोंड उघडणार, आणि जाणार. दादाची टोळी रोज सकाळी खाली उतरायची तेव्हा ती कामावर निघालेली असायची. खाणीकडून घंटीचे तीन ठोके ऐकू यायचे. त्या दिवसापासून ते ऐकले की तिची पावलं रस्त्यातच थांबायची आणि पोटात गोळा यायचा.

तिनं पहिला उपाय केला तो सरळसोट. हाक बंद. धूर दिसला की सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं, मुकादमानंसुद्धा. दादानं कुरकुर केली, टोळीतली पोरं खोखो हसली, कुणीतरी पैज लावली की भोंगा बोगद्याच्या अर्ध्यात फुटेल. पण बहिणीचा शब्द म्हणून तो कबूल झाला, आणि खरोखर बोलला नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. टोळीतला सर्वांत मागचा गडी, ज्याला सगळे लंबू म्हणत, त्याचा पाय रुळात अडकला आणि तो मागं राहिला. त्याच्या पुढच्यानं मागं हात फिरवला तर हाताला नुसता धूर. आता हे कुणाला कसं सांगायचं? त्यानं रबर काढून बोंब मारली. त्या बोंबेमागोमाग बाकी चौघांनीही रबरं काढली. पडद्यावर धूरबाईला पाच उघडी तोंडं दिसली.

खरा धूर असता तर पाच मेले असते. आणि एकाऐवजी पाच मारणारी युक्ती तिची स्वतःची होती. साहेबांना तिनं तसं सांगूनही टाकलं, की चूक माझी, मी दोरी कापली आणि माणसं मोकळी सुटली. साहेब म्हणाले, मग हाक हवीच, फक्त ती तोंडानं नको. हे बोलायला सोपं होतं. करायचं कसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि सगळ्या खाणींची मिळून एक समिती तालीम बघायला येणार होती. तिला पटलं तर ही शिकवणूक प्रत्येक खाणीत जाणार, नाही पटलं तर गरम श्वासाच्या डब्यासकट सगळं कपाटात.

त्या संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. आई केव्हाच गेलेली. बाप दादाकडेच असायचा, खिडकीपाशी आरामखुर्चीत. अर्धांगाच्या झटक्यानं त्याची वाचा गेली होती आणि एकच हात चालत होता. वहिनी त्याला सूप भरवत होती, आणि आपल्या चालत्या हातातही तो एक चमचा धरून बसला होता. भाऊबहीण समोरासमोर बसले आणि व्हायचं तेच झालं.

"तू माझी जीभच कापायला निघालीस," दादा म्हणाला.

"जीभ तुझी तुला लखलाभ. रबर दातांत धर, एवढंच म्हणते."

"आणि हाक न देता माणसं कशी आणू? मेंढरं वळतो का मी? थोरल्यांनी मला काय शिकवलंय?"

"थोरले त्या हाकेनंच गेले, दादा."

हे तिनं आजवर कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. दादा उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला, छाती फुगली, आणि मग जे सुरू झालं त्यानं खिडकीची तावदानं थरथरली. थोरल्यांबद्दल असं बोलायची हिंमत कशी झाली, तुझ्या पडद्यावर बसून तुला काय कळतं, खाली येऊन बघ एकदा, माणूस अंधारात कशावर चालतो ते. तीही उठली. तीही त्याच बापाची. ती तोंड उघडणार, तेवढ्यात आरामखुर्चीकडून आवाज आला.

टण्.

बापानं चालत्या हातातला चमचा वाडग्याच्या काठावर एकदा आपटला होता.

घरातली वीज जावी तसा दादा बंद पडला. तोंड उघडंच, आवाज नाही. वहिनीचा हात वाटेतच अडला. धूरबाईचं वाक्य घशात राहिलं. सगळं घर जागच्या जागी. बापानं शांतपणे दोघांकडे पाहिलं, आणि मग चमचा दोनदा वाजवला. वहिनीचा हात पुढं सरकला, सूप तोंडात गेलं.

धूरबाईचे डोळे मोठे झाले. तिनं अगदी हळू विचारलं, "दादा, तू आत्ता गप्प का झालास?"

"बाबांनी थांब म्हटलं ना."

"बाबा कुठं काही म्हणाले?"

दादा बापाकडे बघू लागला. मग चमच्याकडे. मग पुन्हा बहिणीकडे. तोवर तिनं बापाच्या हातातून चमचा घेतलाही होता. ती दादाच्या मागं गेली आणि त्याच्या टकलावर तिनं तीन ठोके मारले. फार हळू नाहीत.

"काय कळलं?"

"माणसं आहेत," दादा म्हणाला. त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला होता. "जपून."

वहिनीनं वाडगं खाली ठेवलं. "वन्सं, यांना गप्प करायला इतकी वर्षं मी नवस बोलायची बाकी होते. आणि चमचा घरातच होता."

बाप हसला. चेहऱ्याच्या एकाच बाजूनं हसू फुटलं, पण ते दोन्ही बाजूंना पुरेल इतकं होतं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धमाल. दादाच्या अंगणात टोळीची तालीम सुरू झाली. डोळ्यांना फडकी, डोक्याला शिरस्त्राणं, ज्याचं कामावर राहिलं होतं त्याच्या डोक्यावर पातेलं. शेजारपाजारचे कुंपणाला टेकून बघायला. शिकवायचं काहीच नव्हतं, हीच तर गंमत. ठोके सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेले होते. ठरवायचं होतं ते एवढंच, की वळणावर मुकादम मागं वळून मागच्याच्या डोक्यावर तीन ठोके देईल. ते एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटच्यापर्यंत पोचतील. शेवटचा आपल्या पुढच्याच्या डोक्यावर तीन ठोके परत पाठवील, आणि ते फिरून मुकादमाकडे आले की दोन ठोके, चला. कुणी हाताला लागला नाही तर एक. पण हातमोजा घालून शिरस्त्राणावर मारलं तर ठोका मऊ पडायचा, डोक्याला कळायचाच नाही. इथं साहेब कामाला आले. त्यांनी शिरस्त्राणं उलटीसुलटी करून, कुठं मारलं तर कवटीत किती पोचतं हे यंत्रावर तपासलं आणि जागा शोधून दिल्या: पुढं दिव्याची लोखंडी पकड, मागं वायरीची कडी. तिथं बोटात घातलेल्या पोलादी कडीनं मारलं की ठोका थेट दातांत उतरायचा. स्वतःच्या डोक्यावर प्रयोग करून साहेब दोन दिवस डोकेदुखीच्या गोळ्या घेत होते, आणि तरी खुशीत होते.

समिती आली. सगळ्या खाणींचे अधिकारी, काही मुकादम, काही संशयानं भुवया वर केलेले जाणते लोक. काचेच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. वहिनी चहाची किटली घेऊन दाराशी उभी राहिली आणि ती कुणाला चहा द्यायलाच विसरली. सुरू होण्याआधी साहेब धूरबाईच्या कानाशी लागले. आपल्या एका माणसाला त्यांनी आधीच धुरात उभं केलं होतं. कधीतरी, कुठंतरी तो टोळीतल्या शेवटच्या गड्याचा दंड धरून त्याला मागं खेचणार होता. टोळीला ते माहीत नव्हतं. तिलाही आत्ताच कळत होतं. नाहीतर तुम्ही भावाला डोळ्यांनी सांगितलं असतं, साहेब म्हणाले. हे खरं होतं, म्हणून ती चिडलीसुद्धा नाही.

धूर सुटला. डबे उघडले, रबरं दातांत गेली, चिमटे लागले. पाच पांढऱ्या आकृत्या आत शिरल्या.

पहिलं वळण. पहिली आकृती मागं वळली. हात उठला आणि मागच्याच्या डोक्यावर पडला. ठक ठक ठक. पडद्यावर तो ठोका एका डोक्यावरून दुसऱ्यावर पळताना दिसत होता, जणू कुणी हातोहात दिवा पोचवावा तसा. शेवटच्यापर्यंत गेला, फिरला, परत आला. दोन ठोके. रांग हलली. जमलेल्यांतल्या एका मुकादमानं नकळत आपल्याच मांडीवर दोन बोटं वाजवली. ठोके त्याच्याही हाडात होते.

ढिगारा पार झाला. आता डब्यांतून श्वास गरम यायला लागला असणार. आकृत्यांच्या छात्या भरभर हलत होत्या. दुसरं वळण जवळ आलं, आणि सहावी पांढरी आकृती भिंतीपासून सुटली. तिनं लंबूला मागं ओढलं.

दादानं वळणावर तीन ठोके दिले. ते गेले, गेले, आणि चौथ्याच्या हाताशी संपले. त्याचा हात मागं हवेत चाचपडला. नंतर एकच ठोका पुढं आला. तो दादापर्यंत पोचला आणि सगळी रांग गोठली.

दादाचा हात वर गेला. तोंडाकडे.

काचेच्या खोलीतले सगळे पडद्याकडे सरकले. धूरबाईला पडद्यावर तो हात मोठामोठा होत चाललेला दिसला. मागं आपला माणूस हरवलाय, आणि हा मुकादम आहे, थोरल्यांचा चेला आहे, आणि त्याच्याजवळ गावातला सर्वांत मोठा आवाज आहे. दादाची बोटं रबराला लागली. तिथं थांबली. तिच्या हाताला टेबलाची कड लागली आणि तिनं तिथं एक ठोका मारला. एकच. भिंतीपलीकडे तो जाणं शक्यच नव्हतं. तिनं मारला तरी.

हात खाली आला. दादानं मागच्याला खांदे धरून उलटं फिरवलं, त्याच्या डोक्यावर दोन ठोके दिले आणि स्वतः मागं फिरला. सबंध रांग दोर न सोडता उलटी वळली. जो शेवटी होता तो आता पुढं झाला. काही पावलांवर त्याचा हात एका शिरस्त्राणावर आपटला. ठक ठक ठक. माणसं आहेत, जपून. साहेबांच्या माणसानं लंबूचा दंड सोडला. लंबूनं उत्तर दिलं, आणि ते तीन ठोके पडद्यावरून सरसर पळत दादाकडे आले. पांढऱ्या आकृतीचे खांदे एकदम सैल पडलेले सगळ्यांना दिसले. रांग पुन्हा फिरली आणि बाहेरच्या दिशेनं चालू लागली.

बोगद्याच्या तोंडातून आधी धूर आला, मग माणसं. घामानं निथळलेली, डोळे लाल, रबरं दातांत. गर्दी बाहेर धावली. टोळीनं रबरं काढली आणि एकमेकांना कवटाळलं. भोंगा आता काय काय बोलतो याची सगळे वाट पाहत होते. पण दादानं रबर काढलंच नाही. तो तसाच चालत काचेच्या खोलीपाशी आला, आत बसलेल्या बहिणीकडे त्यानं पाहिलं, आणि काचेवर तीन ठोके मारले.

तिनं आतून दोन मारले.

मग त्यानं चिमटा काढला, रबर काढलं, छाती भरून मोकळी हवा घेतली, आणि आवारातल्या झाडांवरची पाखरं उडाली.

"आहात का रे?"

टोळीचा "हो" आला. त्यामागून इतर खाणींच्या मुकादमांचा आला, त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी. साहेबांचा बारीक "हो" आला. धूरबाईनं तिचा "हो" जरा उशिरा दिला, आणि तो देताना ती दादाकडे बघत नव्हती, थोरले जिथं गेले त्या खाणीच्या दिशेनं बघत होती. वहिनीनं किटली उचलली आणि ती जाहीरपणे म्हणाली, "झाला सुरू. कुणाजवळ चमचा आहे का?"

समितीला पटलं हे निराळं सांगायला नको. ज्या मुकादमाची बोटं मांडीवर वाजली होती त्यानं निघण्याआधीच साहेबांजवळ पोलादी कड्या मागितल्या.

संध्याकाळी दादानं बापाला सगळी हकिगत साभिनय सांगितली, धुरासकट, खेचणाऱ्या माणसासकट, बाकी चौघांच्या सोंगांसकट. बापानं मन लावून ऐकली. फारच लांबली तेव्हा एक ठोका मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूरबाई कामावर निघाली. एका हातात धुराच्या द्रावणाचा पत्र्याचा डबा होता. खाणीकडून घंटी वाजली. तीन ठोके. दादाची टोळी खाली चालली होती. सवयीनं तिची पावलं थांबली. तिनं पोटातल्या गोळ्याची थोडी वाट पाहिली. मग हातातल्या डब्यावर बोटानं दोन टिचक्या मारल्या आणि ती चालू लागली. त्या दिवशी बोगद्यात दुसऱ्या एका खाणीची टोळी यायची होती, आणि धूर अजून बनवायचा होता.